उन्हातच थांबलेलं गाणं

लातूर-नांदेडकडची लग्नसराई ऐन उन्हाळ्यातली. मुहूर्त दुपारी साडेबारा-एकचा, पारा ४२-४३ अंशांवर. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळाहून मांडवाकडे निघाली की डीजेवर 'झिंगाट' लागतं. नवरदेव घामाने निथळतो, म्हातारी माणसं लिंबाच्या सावलीला सरकतात, पोरं डोक्याला रुमाल गुंडाळून नाचत राहतात. मराठवाड्यात ऊन आणि गाणं एकमेकांना इतक्या जवळून क्वचितच भेटत असतील. पण त्या गाण्यात उन्हाला जागा नसते.

'झिंगाट' ज्या चित्रपटातलं, तो 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झाला. त्याच्या सतरा दिवस आधी, १२ एप्रिलला, मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली होती. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी, सुमारे ३४० किलोमीटरची वाट. मांजरा धरण आटलेलं, शहराचे नळ बंद, आणि पाण्यावरून हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून टाक्या-विहिरींच्या परिसरात जमावबंदी. अजय-अतुल यांनी या चित्रपटाच्या संगीतासाठी थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. ते सूर त्या उन्हाळ्यात मराठवाड्याच्या मांडवांत घुमले. लोकांना नाचायला गाणं मिळालं हे चांगलंच झालं. तेवढा विसावा त्यांच्या हक्काचा होता. तरी एक प्रश्न उरतो. ज्या उन्हाळ्यात एका शहराने रेल्वेचं पाणी प्यायलं, त्या उन्हाळ्याचं गाणं कुठे आहे?

मराठी पॉपमध्ये उन्हाचा विषय निघाला की पहिलं नाव 'गारवा'चं घ्यावं लागतं. मिलिंद इंगळे यांचा हा १९९८ मधला अल्बम पावसाचा म्हणून घरोघर पोचला. पण सौमित्र, म्हणजे किशोर कदम, आपल्या आवाजात कविता सुरू करतात ती उन्हापासून. दरवर्षीच आधीपेक्षा जास्त वाटणारं ऊन ऐकणाऱ्याला क्षणभर खरोखर चटका देतं. मात्र लगेच मनात आभाळ भरून येतं आणि अल्बम पावसाचा होऊन जातो. 'गारवा' सुंदर आहे, आजही ताजा आहे. पण आपल्या बहुतेक गाण्यांची वाट हीच आहे. ऊन म्हणजे पावसाच्या घराची ओसरी. तिथे कुणी बसत नाही, सगळे आत जातात. लोकपरंपरेतही तेच. पाऊस लांबला की अंगाला लिंबाचा पाला बांधून पोरं धोंडी मागत दारोदार फिरतात, बायाबापड्या त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओततात. गाणं उन्हात म्हटलं जातं, मागणं मात्र पावसाचं.

इंग्रजी पॉपमध्ये उष्णता पुष्कळ आहे, पण बरीचशी प्रेमाची. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीतून १९६३ मध्ये आलेलं मार्था अँड द व्हँडेलाजचं 'हीट वेव्ह' हे अंगात पेटलेल्या ओढीचं गाणं आहे. हवामानाशी त्याचा संबंध नावापुरता. जॉर्ज हॅरिसनने १९६९ च्या एप्रिलमध्ये 'हिअर कम्स द सन' लिहिलं ते इंग्लंडचा लांबलेला हिवाळा सरल्याच्या आनंदात. नांदेडला एप्रिलमधल्या सूर्याचं असं स्वागत कुणी करणार नाही.

लविन स्पूनफुल या बँडचं 'समर इन द सिटी' मात्र वेगळं आहे. १९६६ च्या ऑगस्टमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. गाण्याच्या मध्येच मोटारींचे हॉर्न आणि रस्ता फोडणाऱ्या यंत्राचा खडखडाट ऐकू येतो. दिवसाची कडवी घट्ट, दबलेली. रात्र आली की चाल मोकळी होते. लातूरच्या गंजगोलाईत हे गाणं सहज समजेल. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात तो चौक मे महिन्याच्या दुपारी ओस पडतो, आणि दिवेलागणीनंतर रसवंतीपासून कपड्यांच्या दुकानांपर्यंत माणसांनी फुलून जातो. दिवस आणि रात्र यांतला एवढा फरक पकडणारं मराठी पॉप गाणं अजून व्हायचं आहे.

उन्हात ठाण मांडून बसलेलं एक मराठी गाणं मात्र नक्की आहे: 'भुई भेगाळली खोल'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'दोघी' (१९९५) या चित्रपटातलं. शब्द ना. धों. महानोरांचे, संगीत आनंद मोडक यांचं, आवाज अंजली मराठे यांचा. याच गाण्यासाठी त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'दोघी' ही गरिबीत ढकलल्या गेलेल्या घराची आणि त्या घरासाठी मुंबईच्या देहबाजारात पाठवल्या गेलेल्या थोरल्या लेकीची गोष्ट. गाण्यात जमीन तापते तशीच त्या घरातली माणसंही होरपळतात. महानोर अजिंठ्याच्या पायथ्याचे, पळसखेडचे शेतकरी. 'सर्जा' चित्रपटातल्या गाण्यातला चिंब पाऊस त्यांनीच लिहिला, म्हणून ही कोरड त्यांच्या शब्दांत इतकी खरी उतरते. पाऊस काय देतो हे ज्याला शेतात उभं राहून ठाऊक आहे, त्यालाच तो न आल्यावर काय जातं हे सांगता येतं. आणि मोठी गोष्ट ही की गाणं घाईने ढगांकडे जात नाही.

रॉकमध्ये याच्या जवळ जाणारं गाणं ऑस्ट्रेलियाचं. मिडनाइट ऑइल या बँडने १९८६ मध्ये वारुम्पी बँडसोबत वाळवंटातल्या आदिवासी वस्त्यांचा दौरा केला आणि पुढच्या वर्षी 'बेड्स आर बर्निंग' आलं. पिंटुपी या आदिवासी लोकांची जमीन त्यांना परत द्या, अशी ती सरळ मागणी आहे. त्यात ४५ अंशांचा आकडासुद्धा आहे. तो आकडा तिथे नुसता तापमान म्हणून येत नाही. एवढ्या उन्हात माणसं राहतात, जगतात, आणि ती भूमी त्यांची आहे, हे तो सांगतो. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकच्या समारोपात बँडने ते गायलं तेव्हा कलाकारांच्या काळ्या कपड्यांवर आदिवासींची माफी मागणारं 'सॉरी' लिहिलेलं होतं. तापलेल्या जमिनीचं गाणं असं जगासमोर उभं राहू शकतं.

मराठवाड्याजवळ सामग्री कमी नाही. माळवदावर टाकलेल्या बाजा, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, भर दुपारी गेलेली वीज, टँकर येणार म्हणून रात्री दोनला उठलेलं घर, उसाच्या फडावरून परतलेली कुटुंबं, १४ एप्रिलच्या रात्री नांदेडच्या रस्त्यांवर भीमगीतांत न्हालेली गर्दी. इथल्या पोरांच्या हातात आता मोबाइलवरच गाणं ध्वनिमुद्रित करण्याची सोय आहे. लॉस एंजेलिसचा वाद्यवृंद लागणार नाही. असं गाणं झालं तर परण्यात वाजेलच असं नाही. 'भुई भेगाळली खोल'सुद्धा कुणी परण्यात वाजवत नाही, तरी तीस वर्षं ते लोकांच्या तोंडी आहे.