सुट्टी घरच्या बाईलाही हवी

मैत्रिणींनो, गणपती जवळ आले की घरोघरी दिवाळीच्या सुट्टीच्या गोष्टी सुरू होतात. मुलांना समुद्र हवा असतो. आपण वर्ध्याची माणसं. पाहुण्यांना सेवाग्राम दाखवतो, पवनारला धाम नदीच्या काठी नेतो, फार तर बोर धरणावर डबा घेऊन जातो. समुद्र म्हणजे आपल्या लेकरांच्या लेखी भूगोलाच्या पुस्तकातलं निळं पान. तेव्हा त्यांचा हट्ट काही चुकीचा नाही. बेत ठरतो, गाड्यांची चौकशी होते, आणि सगळं ठरलं की आपल्याला सांगण्यात येतं, "आता तू तयारी कर."

इथंच माझं म्हणणं आहे. तयारी आपण करायची, तर बेतही आपण आखू या. आणि आखताना पहिला प्रश्न हा घालायचा, की या आठ दिवसांत मला विसावा कुठं आहे?

आमच्या शाळेतल्या एक बाई मागच्या वर्षी यजमान, दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन कोकणात जाऊन आल्या. सात दिवसांत सहा गावं. फोटो सुरेख आहेत, पण त्या स्वतः त्यांत फारशा दिसत नाहीत. दिसतात तिथं हातात पिशवी आहे. रोज रात्री सामान उघडायचं, सकाळी पुन्हा बांधायचं, ओले टॉवेल कुठं वाळवायचे याची पंचाईत. जेवण गोडसर लागतं म्हणून सोबत नेलेल्या छोट्या शेगडीवर दोनदा पिठलंही झालं. परत आल्यावर दोन दिवस रजा टाकून त्या झोपून होत्या. मला म्हणाल्या, "बाई, घरीच बरी होती."

आता जरा हिशेब मांडू. वर्धा ते मुंबई हा रेल्वेचा रस्ताच साडेसातशे किलोमीटरच्या वर आहे. तिथून पुढं कोकण रेल्वे. ती १९९८ सालापासून पूर्ण सुरू झाली म्हणून बरं, नाहीतर घाटातल्या एसटीत पोरांच्या उलट्या निस्तरण्यातच आपली सुट्टी गेली असती. तरी वर्ध्याहून निघून कुडाळ किंवा रत्नागिरीला पोचेपर्यंत एक रात्र आणि दुसरा जवळजवळ सगळा दिवस जातो. परतीचं तसंच. नागपूरहून मडगावला जाणारी विशेष गाडी वर्ध्यावरून जाते, तिनं मुंबईला गाडी बदलण्याची दगदग वाचते. पण विशेष गाड्यांची मुदत अधूनमधून बदलते, म्हणून तिकिटाच्या खिडकीवर आधी विचारून घ्यावं. थोडक्यात, आठातले चार दिवस प्रवासाचे. उरलेल्या चार दिवसांत चार गावं पाहायची म्हटलं, तर समुद्र गाडीच्या खिडकीतूनच बघावा लागेल.

म्हणून एकच गाव निवडा. चारही रात्री एकाच खोलीत. एकदा बॅगा उघडल्या की कपडे खुंटीला, औषधं खिडकीत आणि बॅगा पलंगाखाली. आसपासचं पाहायचं ते अर्ध्या दिवसात पाहून दुपारच्या जेवणाला परत.

गाव कोणतं? आमच्याकडे चर्चा होऊन दोन नावं उरली. एक गणपतीपुळे. रत्नागिरीहून सोपं, देऊळ अगदी समुद्राला लागून, त्यामुळे सासूबाईही खूश. आणि दुसरं मालवण-तारकर्ली. कुडाळला उतरून पुढं जायचं. तिथं कर्ली नदी समुद्राला मिळते, नावेतून संथ फेरी मारता येते. मालवणच्या धक्क्यावरून होडीनं सिंधुदुर्ग किल्ला. महाराजांनी १६६४ साली याची पायाभरणी केली, हे मुलांना चौथीच्या पुस्तकापेक्षा तिथं तटावर उभं राहिल्यावर जास्त कळतं. दोन्ही ठिकाणी पर्यटन महामंडळाची निवासस्थानं आहेत आणि घरगुती राहण्या-जेवणाची सोयही पुष्कळ. माझं मत विचाराल तर मालवण. पुळ्याला आपण देवदर्शनाला जातो, आणि देवदर्शन म्हटलं की पहाटे उठून सगळ्यांच्या आंघोळी आपणच उरकून घेतो!

आता ऋतूचं बघा, कारण यात आपली वैदर्भीय माणसं हमखास फसतात. वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की वाटतं, समुद्रकाठी थंड असेल. कोकणात पारा तेहतीस-चौतीसच असतो हे खरं, पण हवेत दमटपणा इतका, की घाम वाळतच नाही. आपल्याकडे हवा कोरडी, म्हणून वाळ्याच्या ताट्या आणि कूलर काम करतात. पाणी उडून जाताना गारवा देतं. तिथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, मग कूलर काय करणार? मेमध्ये गेलात तर दुपारभर पंख्याखाली पदरानं वारा घेत बसाल.

जूनचीही गंमत आहे. आपल्याकडच्या उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. म्हणून वाटतं की जूनचे पंधरा दिवस हाताशी आहेत. पण कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येऊन ठेपतो. समुद्र खवळतो, किल्ल्याच्या होड्या बंद होतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते, म्हणजे ज्यांच्या घरी मासे चालतात त्यांचीही निराशा.

भूगोलाच्या तासाला मी मुलींना कर्कवृत्त शिकवते. ते आपल्या उत्तरेला, मध्य प्रदेशातून जातं. म्हणजे आपण उष्ण कटिबंधातलेच. थंड मुलखातली माणसं डिसेंबरात हौसेनं गोव्याचं ऊन खायला येतात. आपल्याला ऊन बारा महिने फुकट मिळतं, त्यासाठी तिकीट काढायचं कारण नाही! भाऊबीज झाली की पुढचे आठ-दहा दिवस आपल्यासाठी उत्तम. पाऊस गेलेला, ऑक्टोबरचा उकाडा ओसरू लागलेला, फराळाचे डबे भरलेले आणि शाळांना सुट्टी. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. बहुतेक वर्षी भाऊबीजेच्या साठ दिवस आधी म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुमारास. मोदकांच्या गडबडीत ते राहून जातं. म्हणून हे काम यजमानांकडे द्या, आणि जाण्याचं-येण्याचं तिकीट एकाच बैठकीत काढायला सांगा.

खोली ठरवताना मात्र फोनवर स्वतः बोला. पुरुष मंडळी भाडं विचारतात आणि फोन ठेवतात. आपण विचारायचं, तळमजल्यावर खोली आहे का, संडास कोणत्या पद्धतीचा आहे (सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रश्न), सकाळी गरम पाणी मिळतं का, कपडे वाळत घालायला दोरी आहे का, आणि दोन्ही वेळचं जेवण तिथंच मिळेल का. शाकाहारी घर असेल तर तेही स्पष्ट सांगा. मालवणी जेवण म्हणजे नुसते मासे असं आपल्याकडे समजतात, पण काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, घावन, सोलकढी हे सगळं शाकाहारीच की. नारळामुळे आपल्या तिखट जिभेला थोडं सौम्य लागेल. त्यावर उपाय म्हणजे घरून लसणाची आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात न्यायची, ज्याला हवी त्यानं वाढून घ्यावी. शेगडी न्यायची नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगते. शेगडी सोबत असली की कुणाला तरी रात्री नऊला पिठलं आठवतंच, आणि ते करायला आपणच उठतो. गाडीतल्या पहिल्या रात्रीपुरत्या दुधातल्या दशम्या पुरेत. पुढचं विकत.

एक नाजूक गोष्ट. प्रवासाच्या तारखांत पाळी येणार असेल तर पुष्कळ जणी ती पुढं ढकलण्याच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणून घेतात. कृपा करून तसं करू नका. ती संप्रेरकांची औषधं आहेत, ज्यांना अर्धशिशी आहे किंवा पायात रक्ताची गाठ झालेली आहे त्यांना धोक्याची ठरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. आणि समुद्रकाठी खुर्ची टाकून बसायला त्या कशाला हव्यात?

मुलांचं मात्र लक्ष ठेवावं लागेल. आपली पोरं नदी-धरणाची, त्यांना समुद्राची ओढ माहीत नाही. लाट फुटते तिच्यापेक्षा परत जाणारं पाणी जास्त फसवं. पुळ्याचा किनारा तर पोहायला धोक्याचाच. स्थानिक माणूस 'नको' म्हणाला की नको, आणि एरवीही गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना ठोकताळा आहे, तो मला फार आवडला. पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, या सुमारास भरती, दिवसा आणि रात्रीही. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. हा नुसता अंदाज आहे, नेमकी वेळ तिथल्या माणसांकडूनच घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा आणखी जपून. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून मुलांनाच हे गणित घाला. पाढे पक्के होतील.

पण पोरांवर नजर ठेवण्याचं हे कामही वाटून घ्यायचं. निघण्याआधीच ठरवून टाका, की सकाळी पाण्याजवळ बाबा आणि संध्याकाळी आई. दुपारी जेवणानंतर दोन तास कुणीही आपल्याला हाक मारायची नाही. सासूबाईंसमोर हे बोलायला जड वाटेल. त्यांनाच सोबत घ्या ना! त्यांनीही उभ्या आयुष्यात दुपारी निवांत झोप कधी घेतली असेल? आमच्याकडे हा प्रस्ताव मांडला तेव्हा सर्वात आधी मान हलवली ती सासूबाईंनी.

ज्यांना आठ दिवस जमत नाहीत, त्यांच्यासाठी चिखलदरा आहेच. अमरावती, परतवाडा असा एसटीचा रस्ता, उंची अकराशे मीटरच्या आसपास, थंड हवा आणि कॉफीची झाडं. मार्च २०२३ पासून राज्यात एसटीचं तिकीट बायकांना निम्म्या दरात मिळतं, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तर प्रवास मोफत आहे. दोन रात्री एकाच जागी राहिलात तर तेवढ्यातही अंग हलकं होतं. फक्त तिथल्या सगळ्या 'पॉईंटां'ची यादी पुरी करण्याच्या नादी लागू नका. दोन पाहा, बाकीचे पुढल्या वर्षाला ठेवा.

परतीचा विचार निघण्यापूर्वीच करावा. शाळा सोमवारी उघडणार असेल तर शनिवारी घरी पोचा, रविवारी रात्री नव्हे. समुद्रात भिजलेले कपडे तिथंच गोड्या पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर खार आणि वाळू बॅगेतून थेट आपल्या धुण्यात येते. फ्रीज रिकामा करून जा, पण डाळ-तांदूळ, कांदे-बटाटे आणि दुधाच्या भुकटीचं पाकीट ठेवा. दूधवाल्याला परतीच्या दुसऱ्या दिवसापासून सांगून ठेवा. आणि शेजारच्या वहिनींकडे किल्ली देताना, तुळशीला पाणी घालायला सांगतो तसंच मोकळेपणानं म्हणा, "वहिनी, आम्ही येऊ त्या रात्री पिठलं-भात तेवढा तुमच्याकडचा." त्या गावाला जातील तेव्हा तुम्ही करा.