मला काय धाड भरलीय?

गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाने गावातल्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात आरोग्य तपासणी शिबिर ठेवलं होतं. रक्तदाब, साखर, तोंडाची तपासणी, सगळं मोफत. सकाळी नऊच्या आधीच बायकांची रांग पायऱ्यांपर्यंत गेली. पोरांचे डबे भरून, भाकऱ्या थापून आलेल्या. आणि पुरुष? ते समोरच्या चहाच्या टपरीवर बसून आमची रांग बघत होते. मी दोनदा जाऊन बोलावून आले. "वहिनी, आम्हाला काय धाड भरलीय?" असं म्हणून हसले. एक जण तर वर म्हणाला, "आमच्या घरातली आलीय ना, ती बास!"

हेच पुरुष लाळ्या-खुरकुताची लस टोचायला गाई-बैल वेळेवर दवाखान्यात नेतात. तेव्हा "बैलाला काय धाड भरलीय?" असं कुणी म्हणत नाही. रोग यायच्या आधी काळजी घ्यावी, हे जनावराच्या बाबतीत कळतं. स्वतःच्या बाबतीत मात्र आडवं पडल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची नाही, यातच मर्दपणा!

मलाही त्या दिवशी त्यांच्याबरोबर हसता आलं असतं. पण या एका वाक्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, निवृत्त शिक्षक. दर महिन्याला एसटीने बहिणीकडे जायचे, ते हळूहळू बंद झालं. लग्नाला गेले तर पंगत बसायच्या आधी परत. रात्री चार-पाच वेळा मोरीचं दार वाजायचं. भर वैशाखात दुपारी चारनंतर पाण्याचा घोट घेईनात. चिडचिड तर इतकी वाढली, की नातवंडं त्यांच्या खोलीत जाईनाशी झाली. सासूबाई म्हणायच्या, "वय झालं." ह्यांना सांगितलं तर हेही तेच म्हणाले, "अगं, वय झालंय त्यांचं."

मैत्रिणींनो, एक गोष्ट कबूल करते. धोतरं मी धूत होते. मला कळलं होतं. पुढे पुढे तर अण्णा पहाटे उठून स्वतःच धोतर पिळून वाळत घालायला लागले, तेही मी पाहिलं होतं. पण सुनेने सासऱ्यांना असलं काही विचारायचं तरी कसं? ते लाजेने गप्प, मी मर्यादेने गप्प. अशी तीन वर्षं गेली.

मग एका रात्री लघवी पूर्णच अडली. पोट फुगलेलं, अण्णा तळमळत होते. शेजाऱ्याच्या जीपमधून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी नळी घातली, तर पिशवी बघता बघता भरली. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांना सूज निघाली. "आधी आला असता तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं," डॉक्टर म्हणाले. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, माझ्या पाटल्या गहाण पडल्या. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट येईपर्यंत आठ दिवस घरात कुणाला अन्न गोड लागलं नाही. कॅन्सर नव्हता, देवाची कृपा. पण मूत्रपिंडाचं जे नुकसान झालं ते पुरतं भरून आलं नाही.

हे सगळं करणारी प्रोस्टेट ही ग्रंथी जेमतेम अक्रोडाएवढी. पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली असते आणि तिच्या मधून लघवीची नळी जाते. पन्नाशीनंतर ती वाढायला लागते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत ही वाढ दिसते, ऐंशीपर्यंत बहुतेकांत. म्हणजे केस पिकण्यासारखीच ही गोष्ट. रात्री वारंवार उठावं लागणं, धार बारीक होणं, सुरू व्हायला वेळ लागणं, झाल्यावरही पूर्ण मोकळं न वाटणं, ही तिची लक्षणं. लघवीत रक्त दिसलं तर एक दिवससुद्धा थांबू नये. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. पण याच ग्रंथीचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा कसलंच लक्षण दाखवत नाही. म्हणून लक्षणं नसली तरी डॉक्टरांशी एकदा बोलून घेणं शहाणपणाचं.

आता खरी अडचण. तपासताना डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात. एक मिनिटही लागत नाही. पण याच एका मिनिटापायी कित्येक पुरुष वर्षानुवर्षं दवाखाना टाळतात. टपरीवर याचे विनोद होतात, आणि एकदा विनोद झाला की ज्याला खरंच त्रास आहे त्याचं तोंड कायमचं बंद.

आपल्या तोंडावर यावर उत्तर तयारच असतं. "आम्ही बाळंतपणात काय काय सोसलं! अर्धवट ओढलेल्या पडद्याआड किती जणींनी, किती जणांनी तपासलं! तेव्हा नाही कुणी आमच्या लाजेचा विचार केला!" खरं आहे. पण आम्ही सोसलं म्हणून तुम्हीही सोसा, हा काही न्याय नाही. पडदा नीट ओढलेला असावा, काय करणार ते डॉक्टरांनी आधी सांगावं, नातेवाइकांना बाहेर बसवावं. हे बाईलाही मिळायला हवं आणि पुरुषालाही. लाज वाटण्यात चूक नाही. लाजेपायी मूत्रपिंड घालवण्यात आहे.

शिवाय पहिल्या भेटीत प्रत्येकाची तशी तपासणी होते असंही नाही. डॉक्टर आधी विचारपूस करतात, लघवी-रक्त तपासतात, सोनोग्राफी सांगतात. पीएसए नावाची रक्ताची एक चाचणी असते, तिच्याबद्दल मात्र थोडं समजून घ्यायला हवं. साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही पीएसए वाढतं. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही. लॅबच्या पॅकेजमध्ये ही चाचणी करून घ्यायची आणि आकडा बघून हातपाय गाळायचे, असं होऊ नये. डॉक्टरांमध्येही यावर मतभेद झाले आहेत. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या सरकारी समितीने 2012 मध्ये, लक्षणं नसलेल्यांची ही चाचणी सरसकट करू नका असं सांगितलं. 2018 मध्ये त्यांनीच बदल केला : 55 ते 69 वयाच्या पुरुषांनी फायदे-तोटे डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं, सत्तरीनंतर नेमाने करू नये. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर मात्र डॉक्टरांशी आधीच बोलावं. थोडक्यात काय, प्रश्न एका चाचणीचा नाहीच. डॉक्टरांसमोर बसून तोंड उघडण्याचा आहे.

आणि तोंड उघडण्याचा हा प्रश्न तर अगदी शब्दशः आहे! आपल्या देशात पुरुषांना सर्वांत जास्त होणारा कॅन्सर तोंडाचा. तंबाखूचा बार भरणारा माणूस आरशात कधी आपल्या गालाची आतली बाजू बघतो का? तीस वर्षांवरच्या माणसांची साखर, रक्तदाब आणि तोंड तपासायची सोय सरकारी आरोग्य केंद्रात असते. महाराष्ट्र सरकारने 2022 च्या नवरात्रात बायकांसाठी 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' हे अभियान राबवलं, तसं 2023 मध्ये अठरा वर्षांवरच्या पुरुषांसाठीही वेगळं अभियान काढलं. म्हणजे सोय नाही म्हणून पुरुष येत नाहीत असं म्हणायला जागा नाही.

मग का येत नाहीत? आमच्या ह्यांनी वय वर्षं बावन्नपर्यंत एकदाही साखर तपासली नव्हती. अण्णांचं एवढं होऊनही "मला काय झालंय?" चालूच. मी भांडले, अबोला धरला, उपयोग शून्य. एका रात्री शांतपणे विचारलं, "अहो, नक्की भीती कसली वाटते?" बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "निघालंच काही तर? मुलीची ॲडमिशन तोंडावर आलीय. मी आडवा पडलो तर कसं निभायचं?" तेव्हा मला कळलं, तो रुबाब नव्हता, ती धास्ती होती. घर आपल्या एकट्याच्या खांद्यावर आहे असं लहानपणापासून ऐकत वाढलेला माणूस, आपला खांदा दुखतोय हे सांगणार कुणाला?

हे ओझं त्यांच्यावर ठेवण्यात आपलाही हात आहे, बरं का. मुलगा पडला, रडला की "मुलीसारखा काय रडतोस?" असं आपणच म्हणतो. नवऱ्याला ताप आला की "एवढ्याशा तापाने काय लोळताय?" हेही आपणच. आणि मग म्हणायचं, हे काही सांगतच नाहीत!

शेवटी हे तपासणीला आले. प्रोस्टेट ठीक निघाली, रक्तदाब मात्र चांगलाच वाढलेला. इतकी वर्षं तो काही न दुखता, न खुपता आत बसला होता. आता रोज एक गोळी आणि संध्याकाळचं चालणं. मुलीची ॲडमिशनही झाली.

आणि अण्णा? शिबिराच्या दुसऱ्या दिवशी भजनी मंडळात टपरीचा विषय निघाला. अण्णा म्हणाले, "मी लाजत बसलो आणि नळी लागली. तुम्ही लाजू नका." बास, एवढंच. रात्री तीन जण आमच्या ओट्यावर आले, हळूच डॉक्टरांचं नाव विचारायला. मी महिनाभर घसा फोडून जे झालं नाही, ते एका पुरुषाच्या दोन वाक्यांनी झालं. ज्यांनी भोगलंय त्या पुरुषांनी असं बोलायला हवं. कमीपणा वाटण्यासारखं त्यात काही नाही.

आपण मात्र त्यांच्या बोलण्याची वाट बघत बसायला नको. रात्री मोरीचं दार किती वेळा वाजतं, हे घरातल्या बाईला ठाऊक असतं. सुनेला विचारता येत नसेल तर तिने नवऱ्याच्या मागे लागावं, सासूबाईंना सांगावं, गावातल्या आशाताईंना सांगावं. टोमणा न मारता, हसण्यावारी न नेता विचारावं. मी तीन वर्षं विचारलं नाही. तुम्ही विचाराल ना?