होय ३,६८,२०८, नाही १८४ : नॉर्वेच्या सार्वमताने नेमके काय साधले?

ब्रेक्झिटचा विषय निघाला की कुणीतरी १९०५ चा नॉर्वे पुढे करतोच. ५२ विरुद्ध ४८ अशा निसटत्या कौलावर संघ सोडायला निघालात तर देश दुभंगणारच. नॉर्वेकडे पाहा, ९९.९५ टक्के! आकडा खरा आहे. १३ ऑगस्ट १९०५ रोजी स्वीडनबरोबरचा संघ मोडण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मते पडली, विरोधात अवघी १८४. मात्र नॉर्वे सुखरूप सुटला तो या आकड्याच्या बळावर, हे मला मान्य नाही. त्यासाठी हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्क हरणाऱ्या बाजूस होता, म्हणून १८१४ मध्ये कीलच्या तहाने त्याला नॉर्वे स्वीडनच्या राजाच्या हवाली करावा लागला. नॉर्वेजियनांनी आइड्सवोल येथे स्वतःची राज्यघटना लिहिली, एक छोटे युद्ध झाले आणि तडजोड निघाली : राजा एक, परंतु संसद, कायदे व तिजोरी स्वतंत्र. परराष्ट्र व्यवहार मात्र स्टॉकहोमच्या हाती. नॉर्वेची व्यापारी जहाजे जगभर फिरत होती. त्यांना परक्या बंदरांत आपले स्वतःचे वाणिज्यदूत हवे होते. ९१ वर्षांचा संघ अखेर तुटला तो या रुक्ष प्रश्नावर.

२७ मे १९०५ रोजी राजा दुसऱ्या ऑस्करने वाणिज्यदूतांच्या विधेयकास संमती नाकारली. मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. दुसरे मंत्रिमंडळ बनवणे सध्या शक्य नाही, असे राजा म्हणाला आणि तिथेच सापडला. ७ जूनला स्टोर्टिंगने, म्हणजे नॉर्वेच्या संसदेने, ठराव केला. त्याचे मुख्य वाक्य मिखेल्सन यांच्या मंत्रिमंडळास कारभार चालू ठेवण्याचा अधिकार देते. राजाने राजा म्हणून काम करणे थांबवले, सबब संघ संपुष्टात आला आहे, हे त्या वाक्याच्या शेपटाला जोडलेल्या एका गौण उपवाक्यात येते. घटनात्मक चातुर्याचा इतका देखणा नमुना मला तरी दुसरा ठाऊक नाही.

म्हणजे निर्णय जूनमध्येच झाला होता. सार्वमत आले ते स्वीडनला पुरावा हवा होता म्हणून. आणि स्वीडनची ही अट औपचारिकपणे येऊन थडकण्यापूर्वीच मिखेल्सन सरकारने स्वतःहून ते जाहीर करून टाकले. मतपत्रिकेवरील प्रश्न संघ सोडावा की नाही, हा नव्हताच. घडून गेलेल्या विसर्जनाशी आपण सहमत आहात काय, असे विचारले होते. झालेल्या गोष्टीला, तीही सीमेपलीकडे सैन्य हालत असताना, ‘नाही’ म्हणणारे १८४ तरी निघाले याचेच नवल! स्त्रियांना तर मताधिकारच नव्हता. त्यांच्या संघटनांनी दोन लाखांहून अधिक सह्या गोळा करून पाठिंबा नोंदवला. मतमोजणीत त्या कुठेच नाहीत.

नॉर्वेची खरी परीक्षा झाली ती सप्टेंबरमध्ये, स्वीडनमधील कार्लस्टाड येथे. दोन्ही बाजूंनी सैन्याची जमवाजमव, वाटाघाटी मध्येच खंडित, आणि स्वीडनची मागणी अशी की नॉर्वेने सीमेवरील नवे किल्ले पाडावेत. ३,६८,२०८ मतांच्या जोरावर मिखेल्सन यांना ती सहज धुडकावता आली असती. त्यांनी ती बव्हंशी स्वीकारली. सीमेवर निर्लष्करी पट्टा ठरला, पुढील वाद हेग येथील लवादाकडे नेण्याचे ठरले. मायदेशी शरणागतीचा आरोप झाला. पण युद्ध टळले. २६ ऑक्टोबरला ऑस्करने नॉर्वेच्या राजपदावरील हक्क सोडला. हे श्रेय कौलाचे नाही, तर कौल खिशात असूनही सौदा करण्याची तयारी दाखवणाऱ्यांचे आहे. ब्रिटनमध्ये २०१६ नंतर नेमकी हीच वृत्ती दुर्मीळ झाली. ५२ टक्क्यांचा आधार घेऊन प्रत्येक तडजोडीला द्रोह म्हटले गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये थेरेसा मे यांचा करार संसदेने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला.

शिवाय ऑगस्टची ती एकजूट किती टिकली? डेन्मार्कच्या राजपुत्र कार्लला गादी देऊ केली तेव्हा जनतेला विचारल्याशिवाय येणार नाही, असे त्याने बजावले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या सार्वमतात २,५९,५६३ जणांनी त्याला होकार दिला, ६९,२६४ जणांनी नकार. तीन महिन्यांपूर्वी ज्यांचा मतभेद दिसलाच नव्हता ते हे लोक, कारण तो प्रश्नच तेव्हा कुणी विचारला नव्हता. कार्ल सातवा हाकोन झाला. स्त्रियांना मर्यादित राष्ट्रीय मताधिकार १९०७ मध्ये आणि पूर्ण मताधिकार १९१३ मध्ये मिळाला. स्वीडनमध्येही जुन्या सत्ताधाऱ्यांची पत ढासळली. तेथील पुरुष मताधिकाराच्या सुधारणेला (१९०७-०९) या पराभवाने वेग दिला, असे मला वाटते.

आणि सामी? १७५१ च्या सीमाकरारातील एका पुरवणीने त्यांना रेनडिअरांचे कळप घेऊन ही सीमा ओलांडण्याचा हक्क दिला होता. कार्लस्टाडला त्यांच्या चराऊ कुरणांवरही घासाघीस झाली. १९१९ मध्ये दोन्ही राज्यांनी नवा करार करून नॉर्वेच्या किनाऱ्यावर येणाऱ्या कळपांची संख्या कापली आणि त्यानंतर स्वीडनच्या उत्तर टोकाच्या अनेक सामी कुटुंबांना सक्तीने शेकडो किलोमीटर दक्षिणेस हलवण्यात आले. ती कुटुंबे स्वीडनची प्रजा होती. १३ ऑगस्टच्या मतपेटीशी त्यांचा काही संबंधच नव्हता.