फलकावरचा कागद घरी आला पाहिजे



कोणत्याही सरकारी रुग्णालयात जा. हजेरीपट ठेवतात त्या खोलीबाहेर किंवा जिन्याखालच्या भिंतीवर एक सूचनाफलक असतो. कोणाची बदली झाली, कोणाला बढती मिळाली, कोण या महिनाअखेर सेवानिवृत्त होणार, कोणाच्या निधनाबद्दल शोकसभा आहे, हे सारे तिथे टाचणीने लावलेले असते. शेजारीच ज्येष्ठता यादी असते आणि कसले तरी पर्याय भरून मागणारे परिपत्रक असते. वरचा कागद नवा असतो, खालचे पिवळे पडलेले असतात.

या फलकासमोरून रोज जाणारे कोण? कक्षसेवक, आया, सफाईगार, शिपाई, धोबी, स्वयंपाकघरातले मदतनीस. म्हणजे आपल्याच घरांतली माणसे. आपल्या वस्तीत असे घर क्वचितच असेल की ज्याच्या नात्यागोत्यात कोणी ना कोणी दवाखान्यात कामाला नाही. परंतु तो फलक वाचतो कोण? कारकून वाचतात, परिचारिका वाचतात, संघटनेचे पुढारी वाचतात. रात्रपाळी करून थकलेला आपला माणूस त्याकडे पाठ करून घरची वाट धरतो. आज त्याच फलकाविषयी लिहावयाचे आहे आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही कबूल करावयाची आहे.

मी एका सरकारी रुग्णालयात ३२ वर्षे कक्षसेवक होतो. २०२३ साली निवृत्त झालो. आमच्या प्रसूती विभागात एक मावशी होत्या. १९८६ साली आया म्हणून लागलेल्या. सही येत होती, वाचन जेमतेम. शेकडो बाळे त्यांनी आंघोळ घालून आयांच्या कुशीत दिली. २०१७ च्या पावसाळ्यात फलकावर एक कागद लागला. पुढील दोन वर्षांत सेवानिवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांनी आपले सेवापुस्तक तपासून नाव, जन्मतारीख व वारसांच्या नोंदी बरोबर आहेत की नाहीत ते पाहावे, असा तो मजकूर होता. खाली नावे होती. मावशी त्याच फलकाखाली फरशी पुसणाऱ्या बाईंशी बोलत उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "भाऊ, त्यात आमचं काही आहे का?"

मी घाईत होतो. वरच्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणालो, "काही नाही मावशी, निवृत्तीवाल्यांचं आहे."

त्याच निवृत्तीवाल्या होत्या. यादीत त्यांचे नाव होते, पण माहेरच्या आडनावाने होते, म्हणून माझ्या डोळ्यांना ते दिसलेच नाही. आणि खरी गोम त्या आडनावातच होती.

नोकरीला लागताना त्यांचे सेवापुस्तक शाळेच्या दाखल्यावरून माहेरच्या नावाने तयार झाले होते. सासरच्या माणसांनी गावकीने दिलेले जुने आडनाव टाकून नवे घेतलेले. शिधापत्रिका, आधार आणि बँकेचे खाते सासरच्या नव्या नावाने. कार्यालयाने ३३ वर्षे दोन्ही नावे कधी ताडून पाहिली नाहीत आणि मावशींना कोणी सांगितले नाही. ३० जून २०१९ रोजी त्या निवृत्त झाल्या. हार झाला, भाषणे झाली, मीही बोललो. त्यानंतर निवृत्तिवेतनाचा कागद नावातील फरकामुळे परत आला. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नोंद, सेवापुस्तकातली दुरुस्ती, पुन्हा प्रस्ताव, असे करता करता आठ महिने गेले. घरात नवरा नाही, नातू आयटीआयला. कानातली फुले गहाण पडली. एके दिवशी मला बाजारात भेटल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुम्हाला तर वाचता येत होतं ना, भाऊ."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. म्हणून हा लेख.

सेवापुस्तक म्हणजे काय?

सरकारी नोकराचे सेवापुस्तक हा त्याच्या नोकरीचा जन्मदाखला आहे. नेमणूक, वेतनवाढ, रजा, बढती, शिक्षा, शैक्षणिक पात्रता, जात प्रमाणपत्र व वैधता प्रमाणपत्र, या सगळ्याची नोंद त्यात होते. शेवटी निवृत्तिवेतन ठरते ते याच पुस्तकावरून. ते कार्यालयात राहते, परंतु ते कर्मचाऱ्याने पाहावे, नोंदी तपासून सही करावी, असे नियमच सांगतात. त्याची दुय्यम प्रतही आपल्याकडे ठेवता येते. "साहेब रागावतील" म्हणून अनेकजण मागत नाहीत. मागण्यात उर्मटपणा काही नाही. लेखी अर्ज करावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तरीही दाखवले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही शुल्क नाही.

त्यात पहिल्यांदा तीन गोष्टी पाहा. नाव, जन्मतारीख, वारस.

नाव बदलले असेल, मग ते लग्नामुळे असो की आडनाव बदलल्यामुळे, तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नोंद करून त्याची प्रत सेवापुस्तकात लावून घ्या. आपल्या समाजात एका पिढीने अपमानाची जुनी नावे टाकली, हे योग्यच केले. परंतु नवे नाव फक्त दारावरच्या पाटीवर लिहून भागत नाही, ते कागदावरही गेले पाहिजे.

जन्मतारखेची चूक असेल तर उशीर करू नका. महाराष्ट्राच्या नागरी सेवा नियमांप्रमाणे नोकरीत आल्यापासून ५ वर्षांनंतर केलेला अर्ज सहसा विचारात घेतला जात नाही. गट ड चा राज्य सरकारी कर्मचारी ६० व्या वर्षी निवृत्त होतो, बाकीचे बहुतेक ५८ व्या वर्षी. ज्या महिन्यात वय पूर्ण होते त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती असते. मात्र जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीसच निवृत्ती होते. हा एका दिवसाचा फरक ठाऊक नसल्यामुळे घरचे हिशेब चुकतात.

वारसाचे नामनिर्देशन लग्नानंतर नव्याने भरावे. लग्नाआधी भरलेला कागद तसाच राहिला आणि माणूस अचानक गेला, तर पत्नी आणि म्हातारी आई यांच्यात विनाकारण तंटा उभा राहतो. दोघींचा दोष नसतो. दोष न भरलेल्या कागदाचा असतो.

आणखी एक गोष्ट मावशींच्या वेळी आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. निवृत्तिवेतनाचे अंतिम प्रकरण अडकले तर दरम्यानच्या काळात तात्पुरते निवृत्तिवेतन देण्याची तरतूद १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत आहे. तेव्हाच अर्ज केला असता तर कानातली फुले कदाचित वाचली असती.

मुदत निघून जाते

फलकावरचे काही कागद नुसती बातमी देतात, काही कागदांना मुदत असते. मुदतीचे कागद ओळखायला शिकले पाहिजे.

ज्येष्ठता यादी आधी तात्पुरती लागते. तीवर हरकती मागवतात, मग ती अंतिम होते. आपला क्रमांक खाली गेला असेल, नेमणुकीची तारीख चुकली असेल, प्रवर्ग चुकला असेल, तर त्या मुदतीतच लेखी हरकत घ्यावी. यादी अंतिम झाल्यावर केवळ तोंडी कुरकुर करून उपयोग नाही. बढती याच यादीवरून होते. शिपाई किंवा कक्षसेवक म्हणून लागलेला मुलगा नोकरी करता करता शिकला, मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा पास झाला, आणि ते प्रमाणपत्र पेटीतच राहिले, तर कार्यालयाला कसे कळणार? सेवापुस्तकात नोंद झाली तरच लिपिकपदाचा रस्ता दिसतो.

अलीकडचे उदाहरण घ्या. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य सरकारच्या सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नव्हती. मार्च २०२३ मध्ये त्यासाठी राज्यभर संप झाला. पुढे २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने एक मार्ग काढला. ज्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली, पण नेमणूक नंतर झाली, अशांना जुन्या योजनेचा पर्याय देण्याची एकदाच संधी मिळाली. त्यासाठी मुदत होती ६ महिने. म्हातारपणाची भाकर ठरवणारा कागद, आणि तो फलकावर ६ महिने! ज्याने वाचला त्याने पर्याय भरला. ज्याच्या घरी तो पोचलाच नाही, त्याने काय करावे?

बदल्यांचेही तसेच. २००५ च्या बदली कायद्यात तीन वर्षांचा सर्वसाधारण कालावधी अ, ब आणि क गटांसाठी धरला आहे, ड गटाला तो नेमाने लागू नाही. तेव्हा कोणी "तीन वर्षे झाली, आता तुला हलवणारच" असा धाक घालत असेल, तर आधी आपला गट कोणता ते पाहावे, मग घाबरावे की नाही ते ठरवावे.

ज्यांची बातमीच लागत नाही

आता एक कडू गोष्ट. आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयात झाडू-पोछा, सुरक्षा, रुग्णवाहिका, कपडे धुणे अशी कामे बहुतांशी ठेकेदाराकडे गेली आहेत. ही मुले-मुली त्याच वॉर्डात, तोच घाण कचरा उचलतात, त्याच सुईचा धोका पत्करतात. परंतु फलकावर त्यांचे नाव येत नाही. त्यांची ज्येष्ठता यादी नाही. ठेका बदलला की माणूस बदलतो, निरोपाचा हारही नाही.

त्यांनी फलकाची वाट पाहू नये. त्यांचा फलक म्हणजे वेतनचिठ्ठी. ती दर महिन्याला मागावी. भविष्य निर्वाह निधीसाठी पगारातून १२ टक्के कापले जातात. तितकीच रक्कम मालकानेही भरावयाची असते. त्यासाठी १२ आकडी युनिव्हर्सल अकाउंट नंबर असतो. ठेकेदार बदलला तरी हा आकडा बदलत नाही. तो पाठ करा. मोबाईलवर पासबुक पाहा. कापलेले पैसे खरोखर भरले की नाही ते तिथे दिसते. या निधीशी जोडलेला विमाही आहे. नोकरीत असताना सभासद दगावला तर वारसाला कमाल ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. किती घरांना हे ठाऊक आहे? राज्य विमा योजनेसाठी, म्हणजे ईएसआयसाठी, वेतनातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना तिचा लाभ आहे. त्यात उपचार आहेत, आजारपणाची भरपाई आहे, बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. दुसऱ्यांच्या बाळंतपणात राबणाऱ्या मुलीला स्वतःच्या बाळंतपणाचा हक्क माहीत नसावा, यासारखे दुर्दैव नाही.

ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाची, म्हणजे ज्या संस्थेचे काम चालू आहे तिची जबाबदारी येते, हे तत्त्व कंत्राटी कामगारांच्या कायद्यात १९७० पासून आहे. एकट्याने जाऊ नका, दहाजण मिळून लेखी अर्ज घेऊन जा.

घरी काय करावे

पहिले काम. घरात एक जुनी पत्र्याची पेटी किंवा जाड पिशवी ठरवा. नेमणुकीचा आदेश, वेतनचिठ्ठ्या, नामनिर्देशनाची प्रत, जात व वैधता प्रमाणपत्र, राजपत्राची प्रत, विम्याचे कार्ड, सगळे त्यातच. त्याची जागा बायकोला, नवऱ्याला आणि थोरल्या लेकराला ठाऊक असावी.

दुसरे काम. दर महिन्याला पगाराच्या दिवशी फलकाचे फोटो काढून घरी आणा. आज प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे. संध्याकाळी शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने ते मोठ्याने वाचून दाखवावे. "शेवटची तारीख" हे शब्द दिसले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. लेकराला शिकवले ते कशासाठी? आईबापाच्या सहीवर दुसऱ्या कोणी हवे ते लिहू नये, यासाठीसुद्धा.

तिसरे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड आहे. फलकासमोर कोणी "यात आमचं काही आहे का?" असे विचारले तर थांबा. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, खालची नावे वाचा, मग उत्तर द्या. पाच मिनिटे उशीर झाला तर हजेरीवर लाल शेरा पडेल. मी पाच मिनिटे वाचवली आणि एका बाईचे आठ महिने गेले.

त्या मावशी आता घरी असतात. निवृत्तिवेतन नियमित येते. नातू आयटीआय पास होऊन कामाला लागला आहे, तोही ठेकेदाराकडेच. मागच्या महिन्यात भेटला तेव्हा मी त्याला त्याचा १२ आकडी नंबर विचारला. त्याने खिशातून वही न काढता, घडाघडा म्हणून दाखवला. म्हणाला, "आजीनं पाठ करून घेतलाय."