कळा सारख्याच, मग चापट एकीलाच का?

"तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला बोंबलतेस?" हे वाक्य ज्या बाईने लेबर रूममध्ये स्वतः ऐकलं नाही किंवा शेजारच्या टेबलावरून कानावर आलं नाही, तिने कमेंटमध्ये तसं लिहावं. पुरुष मंडळींनी आधी घरी आईला आणि बायकोला विचारावं, मग लिहावं.

मांडवीत, राजिवड्यात, भाट्याला कुठल्याही पडवीत चार बायका बसल्या आणि बाळंतपणाचा विषय निघाला की हे वाक्य निघतंच. मांडीवर चापट, बाळ लवकर यावं म्हणून पोटावर दाब, टाके घालताना "एवढं काय त्यात दुखतं?" वीस वर्षं मी इथे बातम्या करतेय, पण यातलं काही 'बातमी' म्हणून कोणी माझ्याकडे घेऊन आलं नाही. सांगतात, हसतात आणि भाजी निवडायला लागतात. बाळ सुखरूप आहे ना, मग झालं!

कुठल्या दवाखान्याचं नाव मी मुद्दाम घेत नाही. हे एका इमारतीपुरतं नाही, आणि फक्त सरकारीतच होतं असंही नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं ते 'सिस्टरवर कामाचा ताण असतो' हे. असतोच, त्याबद्दल खाली लिहिते. पण मला सांगा, हाच ताण एखाद्या साहेबांची सून त्याच टेबलावर असली की कुठे जातो? तिला "मॅडम, थोडं सहन करा हं" आणि मासळी विकणारीच्या पोरीला "ए, पाय सरळ कर". कळा दोघींना सारख्याच येतात. समोरची उलटून बोलणार नाही, तिचा नवरा कोणाला फोन लावू शकणार नाही, हे त्या ताणाला बरोब्बर कळतं. मग तो ताण कसला?

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. घाना, गिनी आणि नायजेरियामध्ये संशोधक लेबर रूममध्ये बसून २०१६ बायकांची बाळंतपणं पाहत होते. 'लॅन्सेट'मध्ये २०१९ साली ते छापून आलं. ८३८ जणींना मारहाण, शिवीगाळ किंवा भेदभाव सोसावा लागला. वयाने लहान आणि कमी शिकलेल्यांना जास्त. वाचलं तेव्हा मला आपलीच पडवी आठवली.

कागदावर मात्र आपण फार पुढे आहोत. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ चा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, गाडी सगळं मोफत. तरी बाळ दाखवायला 'मावशीं'चे पेढ्याचे पैसे असतातच, आणि मुलगा असला तर आकडा वेगळा. कळा देताना जवळ घरची एक बाई असू द्यावी, असं केंद्राने २०१६ सालीच सांगितलं. २०१७ साली 'लक्ष्य' आलं, त्यात बाईला सन्मानाने वागवा असं स्पष्ट आहे. पोटावर दाब देऊ नका, सरसकट छेद घेऊ नका, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये लिहून दिलंय.

आता सिस्टरांबद्दल. कुठे आरडाओरडा झाला की साहेब लोक काय करतात? एका सिस्टरला निलंबित करतात, फोटो छापून येतो, प्रकरण मिटतं. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ च्या रात्री आग लागून १० तान्ही बाळं गेली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, पण पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. इमारतीतली वायर आणि आग विझवायची यंत्रणा काय परिचारिका बघतात?

नर्सिंग कौन्सिलचा नियम साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक. रत्नागिरीत २०२३ साली मेडिकल कॉलेज सुरू झालं, फीत कापली, फलक झळकले. त्या तीनाच्या हिशोबाचं भाषणात कोणी बोललं का? मे २०२२ मध्ये राज्यभरातल्या परिचारिका भरती खासगी कंपनीकडून नको म्हणून संपावर गेल्या, तेव्हा आपल्यातल्याच अनेकांनी "पेशंटचे हाल करतात" म्हणून नाकं मुरडली. कंत्राटावरची पोरगी, महिन्याच्या पगाराचा भरवसा नाही, डॉक्टर तिला सगळ्यांदेखत झापणार, रात्रपाळीत बदली माणूस येणार नाही. ती हे सगळं खाली कोणावर काढते ते आपण वर पाहिलंच.

म्हणून 'सिस्टर वाईट' किंवा 'सिस्टर बिचारी' यातलं एकच म्हणायला मी तयार नाही. चापट मारली तर ती मारहाणच आहे, त्याची चौकशी झालीच पाहिजे. मात्र त्या पाळीला किती परिचारिका हव्या होत्या, किती हजर होत्या आणि उरलेल्या जागा कोणी भरल्या नाहीत, हेही त्याच चौकशीत आलं पाहिजे. वरच्या सहीवाल्याच्या नावासकट.

सोमवारी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतेय. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी लेबर रूममध्ये मंजूर परिचारिका किती, भरलेल्या किती, कंत्राटी किती. रात्रपाळीचा मागच्या सहा महिन्यांचा ड्युटी तक्ता. घरची बाई आत घेतात का, नसतील तर कोणाच्या आदेशाने नाही. कोणाला आणखी प्रश्न घालायचा असेल तर रविवारपर्यंत मेसेज करा. ज्यांना आपला अनुभव सांगायचाय त्यांनीही. बाईचं नाव नको, तारीख आणि पाळी कळवली तरी चालेल.