टेबल, कपाट आणि हात

मुलांनो,

मागच्या रविवारी सकाळी मी अंगणात संत्री सोलत बसले होते. तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. आपल्या शाळेतून शिकून गेलेली एक ताई आणि तिचे बाबा आले होते. ताई आता कळमेश्वरहून रोज नागपूरला जाते, कॉम्प्युटरचं शिकते. पाठीवर लॅपटॉपची पिशवी, पण चेहरा पडलेला.

"मॅडम," बाबा म्हणाले, "हा डबा काही कामाचा राहिला नाही म्हणते पोरगी. संत्र्याचे पैसे आले आहेत. तिच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी ठेवले होते. त्यातूनच नवा घेऊन टाकू का?"

मी म्हटलं, "थांबा भाऊ! ताप आला की लगेच ऑपरेशन करतो का आपण? दुखतं कुठे, ते तर आधी पाहू."

चला, तुम्हीही या. आपण मिळून पाहू.

मी वर्गात वह्या कशा तपासते, आठवा बरं. मागे मोठं कपाट असतं, त्यात सगळ्या वह्या. तपासायच्या तेवढ्या टेबलावर काढते. आणि तपासते ती मी! कॉम्प्युटरमध्ये अगदी असंच असतं. कपाट म्हणजे स्टोरेज, टेबल म्हणजे रॅम आणि तपासणारी बाई म्हणजे प्रोसेसर. टेबल एवढंसं असलं, तर दर दोन वह्यांनी मला उठून कपाटाकडे जावं लागेल. मग माझा हात कितीही चपळ असो, दिवस जाण्यायेण्यातच सरेल!

एक फरक मात्र आहे. वीज गेली की रॅमचं टेबल कोरं होतं. मी एकदा चाळीस मुलांचे गुण भरले आणि 'सेव्ह' करायच्या आतच लाइट गेली. पुन्हा पहिल्यापासून! कपाटात ठेवलेलं तेवढं राहतं.

आता वेगाची गंमत बघा. रॅममधली वस्तू उचलायला एक सेकंद लागतो असं समजा. मग तीच वस्तू जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून आणायला एका दिवसाहून जास्त वेळ लागेल. नव्या प्रकारच्या एसएसडीवरून आणायला साधारण पाव तास. खरे वेळ फारच छोटे असतात, पण त्यांचं प्रमाण साधारण असंच.

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या माणसाला याचा काय त्रास? त्याचा दिवस पाहा. एका खिडकीत प्रोग्राम लिहिलेला, दुसरीत माहितीची पानं, तिसरीत ॲप तपासायला पडद्यावरचा खोटा फोन. हे सगळं एकाच वेळी रॅमच्या टेबलावर! तो चार ओळी लिहितो. मग कॉम्प्युटर त्या ओळी यंत्राच्या भाषेत बदलतो. हे काम प्रोसेसरचं. त्यासाठी शेकडो लहान लहान फाइली कपाटातून काढाव्या लागतात. मग चालवून पाहायचं, चूक शोधायची, सुधारायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून कितीतरी वेळा! दहा सेकंद थांबावं लागलं तर चालतं. पण दर वेळी पाच मिनिटं? गणित सोडवताना प्रत्येक पायरीला कुणी तुमची पेन्सिल काढून घेतली तर काय होईल? धागाच तुटेल ना! ताईचं नेमकं तेच होत होतं.

मग मोठ्या यंत्राशिवाय काम होतच नाही का? तसंही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी बांधलेला एक कॉम्प्युटर १९६० साली कामाला लागला. पुढे त्याचं नाव 'टिफ्रॅक' पडलं. त्याच्या मेमरीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे १०,२४० बाइट. आज युनिकोडमध्ये मराठी साठवताना प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलासुद्धा, बहुधा ३ बाइट लागतात. हिशेब केला तर तुम्ही वाचताय तो हा लेखही त्या मेमरीत मावणार नाही! तरी त्यावर शास्त्रज्ञांनी आपली गणितं केली. जागाच एवढी कमी, की प्रत्येक शब्द जपूनच वापरावा लागे.

आणि एक हात पुरला नाही तर? अनेक हात लावायचे! पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला, त्यात अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करत. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातले. ते शिकले नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आज ज्याला व्हीएनआयटी म्हणतात. पण नुसते हात वाढवून भागत नाही. कोणी काय करायचं, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला वाटून द्यावं लागतं. नाहीतर अर्धे हात नुसते बसून राहतात.

आता ताईकडे वळू. तिने नेहमीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आम्ही 'टास्क मॅनेजर' पाहिला. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला! रॅम मात्र काठोकाठ भरलेली आणि हार्ड डिस्क धावून धावून दमलेली. म्हणजे हात चांगला होता. टेबल लहान होतं आणि कपाट लांब.

"भाऊ, नवा लॅपटॉप नको," मी म्हटलं. "दुकानात विचारा, यात रॅम वाढते का आणि एसएसडी बसते का." दोन्ही बसलं. फीच्या पैशांतले थोडेच गेले. खोट्या फोनऐवजी ताई आता ॲप घरच्या खऱ्या फोनवरच तपासते, त्यानेही टेबल मोकळं झालं. पुढे कधी फार मोठं काम आलं, तर नवा लागेलही. पण ते तेव्हा बघू.

जाताना तिला एकच सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. उद्या तुमच्याकडे भारी मशीन येईल. त्यावर तुमचं ॲप सुरेख पळेल. पण ते वापरणारी एखादी आजी असेल, तिचा फोन जुना असेल. तुम्ही लिहिलेलं तिच्या फोनवर अडलं, तर ती म्हणेल, "मलाच काही जमत नाही." चूक तिची नसेल हं!

या आठवड्याचं काम : मोठ्यांना विचारून घरातल्या फोनची सेटिंग्ज उघडा. रॅम किती आणि स्टोरेज किती, ते वहीत लिहा. टेबल लहान आहे की कपाट भरलं आहे? आई-बाबांना समजावून सांगा आणि मला कळवा.

तुमच्या,
बाई