तोंड एक, पोट वेगळे

उरण-पनवेलच्या रस्त्यावर राहणाऱ्याला कंटेनरची ओळख करून द्यावी लागत नाही. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले, तेव्हापासून वीस नि चाळीस फुटी पेट्यांची ही वरात आमच्या दारावरून अहोरात्र चालली आहे. पेटी कुठल्याही देशाची असो, क्रेनची पकड तिच्या चार कोपऱ्यांना बसतेच. आत कांदा आहे की कापड, हे मात्र बाहेरून कळत नाही. म्हणून तर प्रत्येक पेटीवर चार अक्षरे नि सात आकडे रंगवलेले असतात.

घरोघरी आलेल्या ‘टाइप-सी’ केबलचे असेच आहे. हे चपटे, उलटसुलट कसेही बसणारे तोंड २०१४ साली ठरले. (यूएसबी घडवणाऱ्यांतले अजय भट्ट हे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, हे आम्हा मराठी मंडळींनी जरा मिरवून सांगायला हरकत नाही!) पण तोंड सारखे म्हणून पोटही सारखे, असे समजू नका. मोबाइलबरोबर येणारी केबल बहुधा सेकंदाला ४८ कोटी बिट वाहते. थंडरबोल्ट-३ ची उत्तम केबल ४,००० कोटी. शेजारी ठेवा, जुळ्या बहिणी!

हे सारे मला शिकावे लागले ते धवल्यांपायी. आगरी लग्नात धवलारीण गाते ते धवले. विद्यार्थ्यांना घेऊन गेली काही वर्षे मी ते गावोगाव ध्वनिमुद्रित करीत आलो. गाणाऱ्यांपैकी तिघी आता हयात नाहीत. हा सारा ऐवज, ४०० गिगाबाइट, २०१७ सालच्या एका लॅपटॉपमध्ये होता आणि त्याचा पडदा मधूनमधून डोळे मिटू लागला होता.

एका विद्यार्थ्याने लगबगीने खिशातली केबल काढून जुना नि नवा संगणक जोडला. दोघे गाडीतल्या अनोळखी प्रवाशांसारखे गप्प! मग थंडरबोल्टची, विजेचे चिन्ह असलेली केबल आणली. तिच्या तोंडातली चिमुकली चिप जोडताक्षणी आपली ऐपत यंत्राला सांगते. कंटेनरवरच्या आकड्यांचेच काम. मग दोन्ही संगणकांना ही केबल म्हणजे थेट नेटवर्क वाटते. मध्ये राउटर नको, इंटरनेट नको. पत्ता देणारे कोणी नसले, की यंत्रे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. जुन्यावरचे फोल्डर ‘शेअर’ केले, नव्यावरून उघडले, आणि चहा येईपर्यंत काम आटोपले.

केबल मात्र हातभरच. वेग वाढला की तांब्यातला संदेश लवकर विरतो. म्हणून थंडरबोल्ट-३ ची पूर्ण वेगाची साधी केबल जेमतेम अर्धा ते पाऊण मीटर असते. लांब हवी तर संदेश सावरणारी चिप लागते, आणि किंमत चढते. दुकानदार ‘सर, सगळ्या सारख्याच’ म्हणेल. आपण तोंडावरचा आकडा पाहावा. कंटेनरवर आकडे सक्तीने रंगवता येतात, तर केबलवर वेग छापायला काय हरकत आहे, हे मला अजून उमगलेले नाही.

आता एका धवलारणीच्या नातीला आजीच्या आवाजाची प्रत हवी आहे. मार्गशीर्षात तिचे लग्न आहे. तिने दिलेला पेनड्राइव्ह फार जुना आहे, तेव्हा त्याला रात्रभर बसवून ठेवावे लागणार.